प्रकृतीच्या कारणास्तव

शनिवार, १८ फेब्रुवारी १९६१

या वहीला हात लावून दोन वर्षं होत आली. एवढे दिवस ती कोरी ठेवल्याबद्दल तिची माफी मागतो. लिहायला वेळ नव्हता असं नाही. लिहायला बसलो असतो तर पहिल्याच पानावर एक गोष्ट लिहावी लागली असती. ती टाळायची होती म्हणून वहीच टाळली. आज मार्थाबाईंच्या शोकसभेत ती गोष्ट बोललो. आठवतं तसं, शोभा न आणता, उतरवून ठेवतो.

अध्यक्ष महाशय, पाळकसाहेब, मंडळीतले वडीलधारे, शेजारच्या वस्तीतून आलेले बंधू-भगिनी, आणि पुढे सतरंजीवर बसलेल्या मुलांनो,

तुम्ही एवढे सगळे आलात. कापसाच्या बाजारात गाड्या सोडून आलेले काही जण मला इथून दिसताहेत. या सभागृहात क्वचितच कोणी असेल ज्याला मार्थाबाईंनी कधी सुई टोचली नाही, किंवा ज्याच्या जखमेवर पट्टी बांधली नाही. सोमवारी त्या गेल्या. मंगळवारी आपण त्यांना माती दिली. आज शनिवारी आपण बोलायला जमलो आहोत.

अशा वेळी बोलणं अवघड जातं असं म्हणतात. दुःखानं शब्द फुटत नाहीत. माझी अडचण तशी नाही. माझ्या हातात हा शोकप्रस्तावाचा कागद आहे. चर्चच्या मंडळीचा चिटणीस म्हणून तो मीच लिहिला आहे आणि मीच तो वाचायचा आहे. त्यात पाच वाक्यं आहेत. चार मी वाचू शकतो. तिसरं माझ्यानं वाचवत नाही.

ते वाक्य असं आहे. ऐका. ‘त्यांनी शब्बाथशाळेत मुलांना मनोभावे शिकवले आणि दोन वर्षांपूर्वी प्रकृतीच्या कारणास्तव त्या या कामातून निवृत्त झाल्या.’

हे खोटं आहे.

मनोहरराव, आपण अध्यक्ष आहात, मंडळीचे सगळ्यांत जुने पंच आहात. मघाशी आपण म्हणालात की बाईंना विश्रांती हवी होती, म्हणून त्यांनी स्वतःच काम सोडलं. आपल्यानंतर जे बोलले तेही तेच म्हणाले. एकानं तर म्हटलं, त्या हसत हसत बाजूला झाल्या. मी इथे खुर्चीवर बसून ऐकत होतो. माझे कान तापले. राग आधी तुमचा आला. मग आठवलं, हे वाक्य मूळ माझं आहे. दोन वर्षांपूर्वी पंचांच्या सभेच्या इतिवृत्तात ते पहिल्यांदा मीच लिहिलं. तुम्ही सगळे ते माझ्याकडून शिकलात. खोटं एकदा शाईनं लिहिलं की लोक ते पाठ करतात.

मार्थाबाई निवृत्त झाल्या नाहीत. आपण त्यांना काढलं. त्यांची प्रकृती त्या वर्षी इतकी चांगली होती की त्या भर उन्हात चालत चार मैलांवरच्या गावात देवीच्या लसी टोचायला जात होत्या. आणि आपण लिहिलं, प्रकृतीच्या कारणास्तव.

नाही, अध्यक्ष महाशय, घंटी वाजवू नका. मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. दोनच्या वर जातील.

इथे बसलेल्या पुष्कळांना त्या दवाखान्यातल्या बाई म्हणून ठाऊक आहेत. रविवारी त्या काय करत होत्या ते ठाऊक नाही. म्हणून सांगतो. आमच्या मंडळीत रविवारी उपासनेआधी लहान मुलांची शब्बाथशाळा भरते. पवित्र शास्त्रातली वचनं पाठ करून घ्यायची, गीतं म्हणायची, गोष्ट सांगायची. बाईंकडे ती शाळा सत्तावन्न साली आली. त्यांचं शिक्षण मराठी सातवी. बोलणं ढाणकीकडचं, अस्सल वऱ्हाडी. माझ्यासारखा नागपुरात बी.एस्सी. झालेला, हायस्कुलात विज्ञान शिकवणारा माणूस त्यांना काय शिकवणार, असं मला तेव्हा वाटत नव्हतं. तेव्हा मला वाटत होतं की पुष्कळ काही शिकवीन.

पहिल्या दोन रविवारी मुलं झोपली. तिसऱ्या रविवारी बाई एक पणती आणि दवाखान्यातली रिकामी बरणी घेऊन आल्या. धडा होता दिव्याचा. दिवा लावून कोणी मापाखाली झाकत नाही, हा येशूचा दृष्टांत. त्यांनी पणती लावली आणि वर बरणी उपडी ठेवली. ज्योत बारीक झाली, थरथरली, गेली. मुलं गुडघ्यांवर उठून बघत होती. एकही झोपलं नव्हतं.

तिथून हे सुरू झालं. पेलाभर पाण्यात मीठ विरघळवायचं. दिसत नाही, पण जिभेला कळतं. मग तुम्ही जगाचं मीठ आहात, हा धडा. मोहऱ्या ओल्या फडक्यावर टाकायच्या आणि पुढच्या रविवारी विश्वासाचा धडा घ्यायचा. लोहचुंबक, आरसा, साबणाचं पाणी. आणि प्रत्येक वेळी तीन पायऱ्या. त्या बोटं मोजून सांगायच्या. पहिले डोळ्यानं पाहा. मग वचन ऐका. मग मला सांगा, हे कुठं चुकते?

ही तिसरी पायरी लक्षात ठेवा. सगळं तिच्यावरून झालं.

हे कुठं चुकते? म्हणजे प्रयोग आणि वचन कुठपर्यंत जुळतात आणि कुठे जुळत नाहीत. जे मूल ते शोधून काढेल, पुढच्या रविवारी प्रयोग त्याच्या हातानं. पणतीचा धडा पुढे पुन्हा घेतला तेव्हा एका मुलीनं सांगितलं, ‘बाई, बरणी उचलली तरी दिवा आपोआप नाही लागला. तुम्हीच काडी लावली.’ बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी तिला तिथल्या तिथे उचलून टेबलावर उभं केलं. मिठाच्या वेळी एक पोरगा म्हणाला, लई मीठ झालं त कोणी तोंडात घेत नाही. बाई म्हणाल्या, ‘बरोबर. आपल्या पंचाइले सांगा लागते हे.’

मनोहरराव, आपल्याही तोंडावर हसू आलं. बरं वाटलं.

मी त्यांना विचारलं होतं, हे तिसरं कशाला? मुलांना एक सुंदर गोष्ट दाखवली, वचन मनात ठसलं, पुरे की. वर तुम्ही ती स्वतःच मोडून का दाखवता? त्या दवाखान्यात बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, ‘मास्तर, बाटलीवर चिठ्ठी एक अन् आत औषध दुसरं असलं त माणूस मरते. लेकराइले आपण वचन देऊन राह्यलो. चिठ्ठी तपासू नोको का?’

मी म्हटलं, मुलांना जादूसारखं वाटतं, त्यातच गंमत आहे. तर म्हणाल्या, देवाला हातचलाखी लागत नाही, ती बुवांना लागते.

हे मी घरी येऊन माझ्या रोजनिशीच्या वहीत लिहिलं होतं. छान वाटलं म्हणून लिहिलं. समजलं म्हणून नाही.

कुंपणापलीकडच्या वस्तीतली मुलंही खिडकीशी यायची. छप्पन साली ज्यांनी बुद्धाची दीक्षा घेतली, त्या घरांतली. आमच्यातले काही जण म्हणाले, ही आपली मुलं नव्हेत, उगीच बाहेर बोभाटा होईल. बाई सरळ वस्तीत गेल्या आणि घरोघर विचारून आल्या. कौसल्याबाई, तुम्ही समोर बसल्या आहात. तुम्ही त्यांना काय सांगितलं ते बाईंनी मला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, आम्ही आता बुद्धाचे, आमची वाट ठरली हाय. पण पोरगी सवाल विचारून राह्यली त विचारू द्या. आणि बाई म्हणाल्या, मले तेवढंच पायजे. तुमची विमल खिडकीतून आत आली. टेबलावर उभी राहिली ती मुलगी हीच.

आता एकोणसाठच्या ईस्टरकडे येतो.

मंडळीला भेट द्यायला बाहेरगावचे मोठे पाहुणे येणार होते. पंचांनी ठरवलं, शब्बाथशाळेच्या मुलांसमोर बाईंनी आयोडीनचा प्रयोग दाखवावा. हा प्रयोग मी त्यांना शिकवला होता. पेल्यात स्वच्छ पाणी, थोडी भाताची पेज. हे आपलं मन. त्यात टिंक्चर आयोडीनचे थेंब. खोटं बोललो, एक थेंब. चोरी केली, एक थेंब. पाणी निळंकाळं होतं. मग हायपो टाकायचं. फोटो धुणारे वापरतात ते. क्षणात पाणी पुन्हा निर्मळ. क्षमेचा धडा. बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो.

पंचांनी एक अट घातली. तिसरी पायरी घ्यायची नाही. पाहुण्यांसमोर हे कुठं चुकते असं विचारायचं नाही. त्यांचं म्हणणं, ही बाई मुलांना शंका शिकवते. आणि क्षमेच्या धड्यात शंका कशाला?

बाई म्हणाल्या, ‘तिसरं नाही त पहिलंही नाही.’

त्यांना तयार कोणी केलं? मी केलं. मी दवाखान्यात जाऊन अर्धा तास त्यांची विनवणी केली. म्हटलं, एकच रविवार. मंडळीचं नाव होईल. तुमच्याच शाळेचा फायदा आहे. म्हटलं, मी तुम्हाला शब्द देतो, प्रयोग चुकणार नाही. त्यांनी हातातल्या बाटलीवर चिठ्ठी डकवली. मग म्हणाल्या, बरं मास्तर, तुमच्या शब्दाखातर.

माझा शब्द. तो कसा होता ते ऐका.

हायपोचं पाणी मी करून देणार होतो. माझा एक नेम आहे, रविवारी मी धंद्याचं काही काम करत नाही. विज्ञान माझा धंदा, म्हणून रविवारी मी बाटलीला हात लावत नाही. शनिवारी परीक्षेचे पेपर होते. त्याच्या आधीच्या शनिवारी यवतमाळला काम होतं. तेव्हा मी ते पाणी महिनाभर आधीच करून ठेवलं. विहिरीच्या साध्या पाण्यात. पाणी उकळून घ्यायचाही कंटाळा केला. बाटली खिडकीत उन्हात राहिली. हायपो असं टिकत नाही. ते मरतं आणि त्याचा गंधक होऊन तळाशी बसतो. हे मी वर्गात शिकवतो. ईस्टरच्या सकाळी मी बाटली उचलली तेव्हा तळाशी पिवळसर गाळ होता. मी तो पाहिला. मी तो पाहिला आणि बाटली पिशवीत घातली. दुसरं करायला दहा मिनिटं लागली असती. पण रविवार होता.

बंधूंनो, रविवारी काम नको म्हणणाऱ्या माणसानं रविवारी काय केलं ते तुम्हीच ठरवा.

सभागृह भरलं होतं. हेच सभागृह. पाहुणे तिथे, जिथे आज पाळकसाहेब बसले आहेत. बाईंनी थेंब टाकले. पाणी काळं झालं. त्यांनी बाटली हातात घेतली, उजेडाकडे धरली, एकदा माझ्याकडे बघितलं आणि ओतली. पाणी किंचित फिकं झालं. आणि तसंच राहिलं, गढूळ निळं. त्यांनी आणखी ओतली. तसंच. सगळी बाटली ओतली.

पाप काही धुतलं गेलं नाही.

आणि मग मुलांनी हात वर केले. एक, दोन, दहा हात. त्यांना काय ठाऊक पंचांची अट? त्यांना दोन वर्षं शिकवलं होतं की दाखवून झालं की विचारतात, कुठं चुकते. मुलं खुशीत होती. इतकं सोपं कधीच नव्हतं. विमल उठून उभी राहिली, दहा-अकरा वर्षांची असेल, आणि मोठ्यानं म्हणाली, ‘बाई, हे इथं चुकलं. औषध शिळं हाय.’ मागून एक जण ओरडला, पाप लई झालं असंन. पाहुणे हसले. सगळं सभागृह हसलं.

आणि मार्थाबाई, त्या एवढ्या लोकांसमोर, म्हणाल्या, ‘बरोबर हाय विमल. औषध चुकलं. मी चुकले. वचन नाही चुकलं.’ आणि पदर सरळ करून खाली बसल्या.

मी चुकले, असं त्या म्हणाल्या. मी पहिल्या ओळीत बसलो होतो. हाताची घडी घालून. औषध कोणी केलं ते त्या सभागृहात दोघांनाच ठाऊक होतं. त्यातल्या एकानं सांगायला हवं होतं.

त्याच आठवड्यात पंच बसले. मंडळीचं हसं झालं, बाहेरच्यांच्या लेकरांसमोर हसं झालं, आणि हे सगळं त्या शंकेमुळे. कोणी म्हटलं नाही की औषध तपासा. कोणी म्हटलं नाही की मुलगी खरं बोलली. मी विचारतो, आजही विचारतो, त्या दिवशी सभागृहात खरं कोण बोललं? शिकलेले बोलले? पंच बोलले? एक मुलगी बोलली आणि एक सातवी शिकलेली बाई बोलली. आणि आपण शिक्षा कोणाला दिली?

ठरलं की बाईंना शाळेतून मोकळं करायचं. कारण काय लिहायचं? कोणीतरी म्हणालं, प्रकृतीचं लिहा, त्यांचा मान राहील. मी लिहिलं. अक्षर चांगलं आहे माझं. इतिवृत्ताची वही घेऊन त्यांच्या सहीसाठी दवाखान्यात गेलो. त्यांनी ते वाचलं, दोनदा वाचलं. म्हणाल्या, ‘मले काय झालं, मास्तर?’

मी म्हटलं, ही एक पद्धत आहे लिहायची.

म्हणाल्या, चांगल्या माणसाले बिमार कायले करता? मी खोट्या चिठ्ठीवर सही करत नाही. तुम्हीच करा.

मी केली. एकट्यानं. वही आजही माझ्या कपाटात आहे. ज्याला पाहायची त्यानं यावं.

नंतर शब्बाथशाळेत पुन्हा पाठांतर आलं. मुलं पुन्हा झोपू लागली. वस्तीतली मुलं यायची थांबली. बाईंची पेटी, तिच्यातले पेले, पणती, चुंबक, फडकी, सगळं मागच्या सामानाच्या खोलीत कुलपात गेलं. किल्ली माझ्या जुडग्यात. ही बघा. दोन वर्षं ती माझ्या खिशात वाजते आहे. बाईंनी एकदाच मागितली. मी म्हटलं, पंचांपुढे ठेवतो. कधीच ठेवली नाही.

आणि त्या काय करत होत्या या दोन वर्षांत? रागावल्या? दुसऱ्या मंडळीत गेल्या? तुम्ही मघाशी म्हणालात हसत हसत बाजूला झाल्या. त्या हसल्या नाहीत. दर रविवारी येऊन शेवटच्या बाकावर बसल्या. मी प्रार्थना वाचायचो आणि शेवटच्या बाकाकडे बघायचं टाळायचो.

गेल्या महिन्यात त्यांना ताप लागला तेव्हा मी दुपारचा भेटायला गेलो. ओसरीत खाट टाकली होती. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग त्यांनीच काढलं. ‘त्या बाटलीत गाळ होता, मास्तर. पिवळा. मले दिसला होता.’

मी विचारलं, मग तुम्ही ओतलं कशाला? दवाखान्यात तर तुम्ही डोळ्यानं बघूनच औषध फेकता.

म्हणाल्या, तुम्ही शब्द देला होता ना. बी.एस्सी. माणूस. मले वाटलं, असंनही तसं. मग त्या हसल्या. मग म्हणाल्या, सभागृहात वाटलं, आता तुम्ही उठान. मग पंचात वाटलं, तिथं बोलान. मग वाटलं, पुढच्या रविवारी. आणि मग जे म्हणाल्या ते मी तुम्हाला जसंच्या तसं सांगतो, कारण ते चारचौघांत ऐकून घेणं मला भागच आहे. म्हणाल्या, ‘मग मले कळलं. तब्येत तुमची खराब होती, मास्तर. नाव माझं लिहून राह्यले होते.’

त्या म्हणाल्या, पेटी लेकराइले देऊन टाका. अन् तिसरं सोडू नोका. उठताना मी फक्त मान हलवली. तेवढंच माझ्यानं झालं. आणि मान हलवूनही मी आज सकाळी हा कागद लिहिला. तिसऱ्या वाक्यासकट. सवयीनं. तुम्हाला वाटत असेल मी तुमच्यावर संतापलो आहे. तुमच्यावर आहेच. पण एका मेलेल्या बाईच्या शोकप्रस्तावात तिला पुन्हा एकदा आजारी पाडणारा हात माझा आहे, आणि त्याचा मला जो संताप आहे तो तुमच्या वाट्याला येणार नाही.

आता प्रस्ताव वाचतो. पहिलं वाक्य, दुसरं वाक्य, चौथं, पाचवं, जशी आहेत तशी. तिसरं असं.

‘त्यांनी शब्बाथशाळेत मुलांना पवित्र शास्त्राचे धडे प्रयोगांतून शिकवले आणि प्रत्येक धड्यात काय चुकते हे विचारायला शिकवले. दोन वर्षांपूर्वी चिटणिसाच्या निष्काळजीपणामुळे त्यांचा एक प्रयोग फसला. चिटणीस गप्प राहिला आणि मंडळीने त्यांना कामावरून दूर केले. त्यांची प्रकृती उत्तम होती.’

ज्यांची हरकत असेल त्यांनी उभं राहावं. पाळकसाहेब, आपणही. मी थांबतो.

कोणी उभं राहिलेलं नाही. मी नोंद घेतो.

शेवटचं. आपल्याकडे दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळतात. बाईंच्या शाळेत शांतता वेगळी पाळायचे. मुलांनो, मोठ्या मुलांना आठवत असेल. त्या नाल्यातली रेताड माती आणायच्या, कारण इथली काळी माती दिवसभर बसत नाही. पेल्यात पाणी, त्यात ती माती, चमच्यानं ढवळायची आणि पेला टेबलावर ठेवायचा. माती बसेपर्यंत गप्प. मन असंच बसतं, ढवळलं नाही तर. मग धडा सुरू.

हा पेला मी घेऊन आलो आहे. माती नाल्यातलीच आहे. आता ढवळतो. पाणी निवळेपर्यंत आपण बसून राहू. दोन मिनिटांत हे होत नाही. ज्यांना घाई आहे त्यांनी जावं, कोणी काही म्हणणार नाही. ज्यांना बसायचं आहे त्यांनी पेल्याकडे बघावं.

मार्थाबाई, मी उशिरा उठलो. बसा म्हणायला तुम्ही नाही. नमस्कार करतो.

शांत राहा.

पाणी निवळायला अकरा मिनिटं लागली. सात जण उठून गेले. मनोहरराव गेले नाहीत. शेवटी ते टेबलापाशी आले, पेल्यात वाकून बघितलं, टोपी घातली आणि बाहेर पडले. ओसरीवर विमलनं मला गाठलं. आता माझ्या खांद्याला लागते. म्हणाली, ‘सर, हे कुठं चुकते सांगू? माती गेली नाही. खालीच हाय. टेबलाले कोणाचा धक्का लागला का परत वर.’

म्हटलं, बरोबर आहे. मग उद्याचा प्रयोग तुझ्या हातानं.

उद्या रविवार आहे. काम: सकाळी, उपासनेआधी, पाणी उकळून हायपो ताजं करणे.